ऊस संपला की उजवी

“हे इंजिन कुणी बांधलंय?” मगदूम काकांनी बॉनेटमध्ये डोकं घालून विचारलं.

“मी.”

त्यांनी डोकं बाहेर काढलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या मागं स्टुलावर बसलेल्या तात्यांकडं वळले. “दत्तोबा, मी तुला इचारतोय.”

“आणि ती तुमास्नी सांगत्या,” तात्या म्हणाले. “कान साफ करा जरा.”

तात्या म्हणजे माझे वडील, दत्तोबा लोहार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं इंजिन बांधायचं दुकान. तात्यांच्या नावावर लांबलांबच्या जीपा, ट्रॅक्टर डोळे मिटून आमच्या दारात यायचे. मगदूम काकांचे ट्रॅक्टर तर मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून येत होते. त्यांचा ऊस वाहतुकीचा धंदा. कारखान्याचा हंगाम संपला की त्यांचे सगळे ट्रॅक्टर ओळीनं आमच्या बोळात उभे राहायचे आणि आमचं वर्ष निघायचं.

मग तात्यांच्या हातांना कंप सुटला. आधी बशीत कप वाजायला लागला, मग पान्याच्या तोंडात नट बसेना. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं, जिवाला धोका नाही, पण बारीक काम विसरा. बारीक कामाशिवाय इंजिन बांधायचं म्हणजे मिठाशिवाय आमटी करायची. शाळेच्या दप्तरासकट मी ह्याच दुकानात वाढलेली, तात्यांच्या हाताखाली सगळं शिकलेली. त्यामुळं बांधायचं काम आपसूक माझ्याकडं आलं. आणि गिऱ्हाईक बिचकायला लागलं.

मगदूम काकाही त्या दिवशी तेच सांगायला आले होते. ट्रॅक्टर यंदा दुसरीकडं टाकतो, वाईट वाटून घेऊ नको, वगैरे. मगदूम गेले की त्यांच्या मागं नदीकाठचं सगळं गिऱ्हाईक जाणार, हे मला आणि तात्यांना दोघांनाही कळत होतं.

“पोरगी हुशार हाय, मी न्हाई म्हणत न्हाई,” काका म्हणाले. “पण भरल्या ट्रॉल्या घेऊन चढाला इंजिन बसलं की माझा ऊस वाळतोय. तितं हुशारी काय चाटायची?”

माझं डोकं सणकलं. “काका, मोटार क्लबची रॅली हाय पुढच्या आठवड्यात. ह्या गाडीचं इंजिन मी बांधलंय आणि गाडी बी मीच चालवतो. डोंगरातनं, खड्ड्यातनं, धुरळ्यातनं. नंबर आणला तर ट्रॅक्टर देणार का?”

आमच्याकडं बायका असंच बोलतात, ‘मी चालवतो’, ‘मी जातो’. पुण्याच्या लोकांना हसू येतं. येऊ दे.

मगदूम काकांनाही हसू आलं, पण ते वेगळ्या कारणानं. “तू? रॅली?”

“नंबर आणला तर?”

“आण तर खरं. नंबर आण, ट्रॅक्टर तुझे.”

“शब्द?”

“मगदुमाचा शब्द हाय. पान खाऊन थुकायचा न्हाई.”

ते गेल्यावर आई आतल्या खोलीतनं बाहेर आली. “काय गं भवाने, नंबर काय भाजी हाय व्हय, आण म्हटलं की आणली?”

“आणतो की,” मी म्हणाले. आणि मला खरंच तसं वाटत होतं. उगीच नम्रपणा कशाला दाखवू? गाडी झ्याक झाली होती.

गाडी म्हणजे एक जुनी आठशे, छोटी मोटार. दरीत कोलांट्या खाऊन आलेली, पत्र्याचा पार चेंदामेंदा झालेली. तात्यांनी ती भंगारवाल्याच्या अंगणातनं ओढून आणली तेव्हा गल्ली हसली होती. मी तिची आतली सगळी गादी, गालिचे, मागचं बाकडं उपसून टाकलं. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्या बाबूनं आत पाइपाचा पिंजरा वेल्डिंग करून दिला, गाडी उलटली तरी माणूस चेंगरू नये म्हणून. पोटाखाली जाड पत्रा ठोकला. आणि इंजिन मी नटानटापासून बांधलं. प्रत्येक भाग हातात घेऊन, तोलून, घासून. ते पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा तात्या भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, “चांगलं बोलतंय.”

यापलीकडं एक शब्द नाही. आणि ठसाही नाही.

ठशाचं सांगायला पाहिजे. उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्र्यांची एक रीत होती. इंजिन ज्यानं बांधलं त्याचं अक्षर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या धडावर, उठवायचं. पोलादाची बोटभर कांडी, तिच्या टोकाला उलटं कोरलेलं अक्षर, ती इंजिनावर धरून हातोडीचा एक ठोका. तात्यांचा ‘द’ होता. तो ‘द’ दिसला की गिऱ्हाईक बाकी काही विचारायचं नाही. आणि नव्या मिस्त्र्याचा पहिला ठसा कधी? तर त्याचं इंजिन बाहेर जाऊन, राबून, धड परत आलं की मगच.

मी बांधलेली इंजिनं मात्र बिनठशाची जात होती. मी एकदोनदा म्हणाले, “तात्या, तुमचा ‘द’ मारू का? दुकान तर तुमचंच हाय.”

“न्हाई,” ते म्हणायचे.

“का पण?”

“न्हाई म्हटलं की न्हाई. थांब जरा.”

मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, रडूही यायचं. बापालाच विश्वास नाही तर मगदूम काकांनी का ठेवावा? आणि हे महाशय काय करायचे? मी इंजिनात कोपरापर्यंत बुडालेली असताना कोपऱ्यातल्या शेगड्यापाशी, म्हणजे पकड लावलेल्या त्या जुन्या बाकड्यापाशी, माझ्याकडं पाठ करून कानस घासत बसायचे. काय करताय विचारलं की म्हणायचे, आईच्या विळीची मूठ बसवतोय. विळीला किती मुठी असतात देव जाणे. थरथरत्या हातानं कानस निसटायची, बोटं सोलवटायची, आई हळद लावताना शिव्या घालायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

रॅलीत गाडीत दोघं लागतात. एकानं चालवायची, दुसऱ्यानं पुढचा रस्ता ओरडून सांगायचा, म्हणजे वळण दिसायच्या आधीच चालवणाऱ्याला ते कळतं. गाड्या एकेक करून सोडतात, ज्याला कमी वेळ लागेल तो पुढं. बाकी सगळ्यांचे नॅव्हिगेटर जवान पोरं होती. मी तात्यांना घेतलं.

“मला कशाला?” ते म्हणाले.

“इंजिन ऐकणारा कान पाहिजे शेजारी. माझं ध्यान रस्त्यावर असणार.”

ते खूष झाले, पण दाखवलं नाही. रस्ता आधी एकदा बघून घ्यायला क्लबनं एक दिवस दिला होता. आम्ही दोघं एम-एटीवरनं गेलो, मी पुढं, तात्या मागं. बाकीचे नॅव्हिगेटर कागदावर खाणाखुणा करत होते. तात्यांनी पेन धरलं की अक्षरांची रांगोळी व्हायची. म्हणून त्यांनी सगळा रस्ता तोंडपाठ करायचा ठरवला, आणि तोही त्यांच्या पद्धतीनं. म्हसोबा गेला की डावी. पांढऱ्या विहिरीला आवळ. चिंचेच्या पुढं उतार, सोड बिनधास्त. शेवटचा टप्पा डोंगरातनं उतरून नदीकाठच्या सपाटीला लागायचा. तिथं दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस, मधनं सरळ कच्चा रस्ता, आणि टोकाला एकदम काटकोनात वळण. तात्या मागनं माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, “ध्यानात ठेव. ऊस संपला की उजवी.”

याहून सोपी खूण कुठली असणार? भिंतीसारखा ऊस. आंधळ्यालासुद्धा चुकणार नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात उसाच्या दराचं आंदोलन पेटलं. रस्त्यावर टायर जळाले, ट्रॉल्या अडवल्या, कारखाने बंद पडले. क्लबनं रॅली पुढं ढकलली. मग दर ठरला, आंदोलन मिटलं आणि रॅलीची नवी तारीख आली. मी म्हणाले, “तात्या, रस्ता परत एकदा बघून येऊया का? क्लबला न सांगता.”

“चोरून कशाला बघायचा?” तात्या म्हणाले. “माझ्या डोक्यात हाय सगळा. रस्ता काय पळून जातोय?”

रॅलीच्या दिवशी सकाळी ऊन छान पडलं होतं. गाडीच्या दारावर बाबूनं रंगानं नंबर काढला होता. आईनं गाडीवरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि माझ्या हेल्मेटवरनं हात फिरवून बोटं मोडली. तात्यांनी हेल्मेट घातलं आणि आरशात बघून म्हणाले, “आयला, अंतराळवीर.”

पहिले दोन टप्पे म्हणजे नुसता नाद खुळा. आमच्याकडं हेल्मेटमधून बोलायची सोय नव्हती, तात्या नरड्याच्या शिरा ताणून ओरडत होते. “म्हसोबाऽ! डावी! लई नगं, थोडी! आता सोड! सोड की गं, झोपलीस व्हय!” मी सोडत होते. गाडी खड्ड्यांवरनं टणाटण उड्या मारत होती, मागचा धुरळा आभाळात चढत होता, आणि इंजिन? काय सांगू! पायाखाली गाणं म्हणत होतं. चढावर जिथं बाकीच्या छोट्या गाड्या धापा टाकत होत्या तिथं माझी सरळ वर जात होती. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी वेळ सांगणारा माणूस म्हणाला, “छोट्या गाड्यांत तुम्ही सगळ्यांच्या पुढं आहात, बाई.”

“ट्रॅक्टर धुऊन ठेवा म्हणावं मगदुमाला,” तात्या म्हणाले.

शेवटचा टप्पा सुरू झाला. डोंगर उतरलो. पांढरी विहीर, आवळली. चिंच, सोडली. पुढं सपाटी लागली, मी गाडी वरच्या गिअरात टाकली आणि पाय खाली दाबून धरला.

“आता सरळ!” तात्या ओरडले. “दाब! ऊस संपला की उजवी!”

मी पुढं बघितलं. उजवीकडं बघितलं. डावीकडं बघितलं.

“तात्याऽ!”

“काय?”

“ऊस कुठाय?”

तात्यांनी मान उंचावून पुढं बघितलं. समोर नजर जाईल तिथपर्यंत नुसती तोडलेल्या उसाची बुडकं, पसरलेलं वाळकं पाचट आणि मधेमधे धूर. आंदोलन मिटल्या मिटल्या तोडणीच्या टोळ्या सगळ्या शिवारात घुसल्या होत्या आणि खोळंबलेला ऊस एका दमात साफ करून गेल्या होत्या. रस्ता पळाला नव्हता. ऊस पळाला होता.

“आता वळण कुठं?” मी किंचाळले.

“थांब, थांब, आठवू दे!”

“थांबायला एष्टी हाय का ही?”

समोर चाकोरी सरळ गेलेली दिसत होती, ताजी, रुंद, चांगली दबलेली. मला वाटलं रस्ता तोच. ती निघाली ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची वाट. खरा रस्ता उजवीकडं कधी वळला ते मला कडेनं निसटून गेल्यावर दिसलं. वळणावर क्लबचा माणूस होता म्हणा, पण तो झेंडा काखेत धरून बांधावर ऊस सोलत बसला होता. आम्ही त्याच्या समोरनं गेलो तसा त्याच्या तोंडातला ऊस खाली पडला.

बांध आला. गाडी बांधावरनं उडाली आणि धाडकन शेतात आदळली. पोटाखालच्या पत्र्यानं असा आवाज केला की माझ्या दातांत कळ गेली.

“पाय काढू नको!” तात्या ओरडले. “भुई वली हाय, थांबलीस की रुतलीस!”

मी पाय काढला नाही. मोळ्या बांधणाऱ्या बायका ‘अगं बाई बाई बाई’ करत दोन्ही बाजूंना पळाल्या. बुडकं चाकांखाली कडाकड मोडत होती. समोर भरलेली ट्रॉली, तिच्यापुढं ट्रॅक्टर, त्यावर बसलेला ड्रायव्हर दोन्ही हात वर करून, जणू मी बंदूकच रोखली होती.

“हितनं सरळ पलीकडच्या रस्त्याला निघू?” मी ओरडले.

“न्हाई! जितनं घुसलो तितनंच बाहेर! न्हाईतर बाद करतील!”

मी हँडब्रेक खेचला, गाडी ट्रॉलीच्या पुढ्यात गर्रकन फिरली, पाचटाचा एवढा मोठा ढीग अंगावर घेऊन परत बांधाकडं निघाली. टोळीतला एक म्हातारा हसून टाळ्या वाजवत होता. त्याच्या आयुष्यात ऊसतोडीला अशी करमणूक कधी झाली नसणार. बांधाच्या फटीतनं आम्ही परत त्याच वळणावर आलो, आणि मी खऱ्या रस्त्याला गाडी घातली.

“हुकलं व्हय रं?” तात्या खिडकीतनं त्या झेंडेवाल्याला म्हणाले. “खा, ऊस खा.”

मला हसू आलं. वेळ गेली होती, पण फार नाही. दोघंतिघं पुढं गेले असतील, पण शेवटची सपाटी बाकी होती, आणि माझ्या इंजिनापुढं त्यांची काय बिशाद. मी दाबली.

तेवढ्यात तात्या म्हणाले, “आवाज बदलला.”

मी काट्याकडं बघितलं. इंजिनाच्या तापाचा काटा वर सरकत होता. थांबून थांबून नाही, सरळ चढत होता. शेतातलं पाचट पुढच्या जाळीतनं आत घुसून रेडिएटरवर गोधडीसारखं बसलं होतं. वारा आत जाईना, पंखा फिरेना. पाणी उकळायला किती वेळ?

“किती राहिलंय?” मी विचारलं.

“थोडंच. पूल, मग देऊळ, मग संपलं.” तात्यांनी माझ्याकडं बघितलं. “जाईल बहुतेक. हाण.”

“बहुतेक?”

“नंबर हाय पोरी. ट्रॅक्टर हायत.”

माझ्या डोळ्यांसमोर त्या क्षणी काय आलं सांगू? मगदूम काका नाही, बक्षीस नाही. मी पावसाळाभर हातात धरून घासलेले पिस्टन आले. एकेकाची चकाकी आली. ते आतमध्ये तापून, फुगून, भिंतींना घासत चालले होते, आणि मी त्यांच्यावर पाय देऊन बसले होते.

मी ब्रेक मारला. रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, पट्टा सोडला.

“मालन! काय करतीस? नंबर गेला!”

“जाऊ दे. इंजिन माझं हाय.”

बॉनेट उघडलं. वाफेचा भपकारा तोंडावर आला. मी दोन्ही हातांनी पाचट उपसायला लागले. उसाच्या पात्यांनी हात कापले जात होते, काही बोचत होतं, भाजत होतं, पण थांबले नाही. तात्याही उतरले आणि थरथरत्या हातांनी माझ्या शेजारी उपसायला लागले. मागनं एक गाडी धुरळा उडवत आमच्या अंगावरनं निघून गेली. मग दुसरी. शेतातनं टोळीतल्या दोन बायका प्यायच्या पाण्याचा कॅन घेऊन धावत आल्या. त्यांच्या मागनं ट्रॅक्टरचा तो ड्रायव्हर आला आणि सरळ रेडिएटरच्या टोपणाला हात घालायला लागला.

“हात लावायचा न्हाई!” मी ओरडले. “तोंड भाजेल, आणि गार पाणी आत गेलं तर हेड चिरलं माझ्या इंजिनाचं. थांबायचं.”

“रॅली हाय न्हवं?” तो म्हणाला.

“हाय. थांबायचं.”

आम्ही थांबलो. बाहेरनं जाळीवर पाणी मारलं, पंख्यातला शेवटचा पाला ओढून काढला, आणि मी हात बॉनेटवर ठेवून उभी राहिले. आणखी एक गाडी गेली. तिच्यातल्या पोरानं आम्हाला हात हलवून टाटा केला. तात्यांनी त्याला जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग कधीतरी काटा खाली आला. मी चावी फिरवली. एका झटक्यात सुरू. तोच आवाज, गोल, भरलेला, कुठं खरखर नाही की टकटक नाही. तात्यांनी डोळे मिटले, ऐकलं, आणि डोळे उघडून पुढं बघायला लागले.

“पूल गेला की डावी,” ते म्हणाले. “पूल तरी जाग्यावर असंल बहुतेक.”

पूल जाग्यावर होता.

आमचा नंबर आला नाही. बक्षिसं वाटली तेव्हा आम्ही गाडीला टेकून भडंग खात होतो. हातांना फडकी बांधलेली. गाडी धड होती, पण ट्रॅक्टर गेले होते, आणि त्यांच्या मागनं दुकान जाणार होतं. हे गिळायला भडंगापेक्षा बरंच जड होतं. आई एवढंच म्हणाली, “हाडं शाबूत हायत न्हवं दोघांची? बास झालं.”

तेवढ्यात मगदूम काका गर्दीतनं आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, तोंड फुगलेलं.

“माझ्या शेतातनं गाडी घातलीस ती तूच न्हवं?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रॉलीवर काहीतरी नाव रंगवलेलं होतं. वाचायला सवड कुठं होती!

“व्हय काका,” मी म्हणाले. “चुकून.”

“चुकूनच म्हणायचं. मुद्दाम कोण जाईल?” त्यांनी आजूबाजूला बघितलं. “नंबर आला?”

“न्हाई.”

“मग शब्द मिटला आपला.”

“मिटला,” मी म्हणाले.

काका थोडे पुढं गेले आणि थांबले. वळून परत आले. “मी तितंच बांधावर हुतो. समदं बघितलं. तू गाडी फिरवलीस ते झ्याकच झालं, सर्कसवाल्यांच्यात चाललं असतं. पण त्याचं मला काय? नंतर तू रस्त्यावर गाडी हुबी केलीस, ते बघितलं. मागनं गाड्या चालल्यात, लोक टाटा करायल्यात, आणि तू पाचट उपसत बसलीस. आमच्या ड्रायव्हरनं टोपणाला हात घातला तर त्याच्यावर खेकसलीस.”

“इंजिन जळालं असतं, काका.”

“तेच म्हणतोय मी!” ते जवळजवळ ओरडलेच. “माझी पोरं गेल्या हंगामात ट्रॅक्टर तापलेला दिसतोय तरी कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत हाणत गेली, का, तर नंबर लागावा लौकर. इंजिन फुटलं माझं. मला नंबर आणणारं काय करायचंय गं? नंबर सोडणारं पाहिजे.” मग तात्यांकडं बघून म्हणाले, “दत्तोबा, हंगाम संपला की धाडतो. समदे. बांधायचे हिनंच. तू मधे मधे करायचं न्हाई.”

“मी कशाला मधे करतोय?” तात्या म्हणाले. “माझ्या विळीच्या मुठी हायत की.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा तात्या आधीच आत होते. आठशेचं बॉनेट उघडं होतं. ब्लॉकची एक बाजू त्यांनी रॉकेलनं पुसून लखलखीत केली होती.

“हिकडं ये,” ते म्हणाले. “इंजिन गेलं, राबलं, परत आलं. ठसा मारूया.”

मी मुकाट्यानं खणातनं त्यांचा ‘द’ काढून आणला.

“तो ठेव जाग्यावर.”

“का? आता तरी...”

“माझं अक्षर तुझ्या इंजिनावर कशाला?” त्यांनी खिशात हात घातला. हात हलत होता, खिशातनं लवकर बाहेर येईना. मग त्यांनी ती कांडी माझ्या तळहातावर ठेवली. नवं पोलाद, कानशीचे ओरखडे अजून ताजे. मी टोक वळवून उजेडात धरलं. उलटा ‘म’ होता.

त्यांची सोललेली बोटं, ती हळद, माझ्याकडं केलेली ती पाठ, सगळं मला एकदम दिसलं.

“कवा केलात?” मी विचारलं.

“तू पहिलं इंजिन बांधायला घेतलंस तवाच सुरू केल्ता. लई येळ लागला. चार फेकले.” त्यांनी नाक ओढलं. “हा बी वाकडाच आलाय. हात ऱ्हात न्हाई. बाजारातनं एक सरळ करून आण नंतर.”

“गप बसा तुम्ही,” मी म्हणाले. डोळे पुसले, तर रॉकेलचा हात डोळ्याला लागला आणि जास्तच पाणी आलं. तात्यांनी कांडी ब्लॉकवर टेकवून दोन्ही हातांनी दाबून धरली. दाबल्यावर हात थोडा थांबला. मी हातोडी उचलली.

“हातावर बसली तर?”

“मार गं.”

मी एकच ठोका मारला.

तात्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दुकान मोठं झालं, मगदूम काकांच्या नातवाचे ट्रॅक्टर येतात, रॅलीच्या गाड्या येतात, लांबच्या पोरांची इंजिनं येतात. नवं गिऱ्हाईक ब्लॉकवरनं बोट फिरवून हमखास विचारतं, ताई, ‘म’ वाकडा का? मी सांगते, आमच्या तात्यांचा हात हलायचा. आणि बाजारात कुठं सरळ ‘म’ मारलेलं इंजिन कुणी माझं म्हणून विकायला लागलं, तर घेऊ नका. ते माझं नव्हे.